रेस सोडली की बंद: घरी बांधलेल्या गाडीचे प्रश्न

प्रश्न : पाइपांच्या चासीवर जुन्या मारुती एस्टीमचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवालं) इंजिन बसवून दोन सीटची गाडी बांधली आहे. थंड असताना ठीक चालते. गरम झाली की आयडलिंग ७०० ते १५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) मध्ये झोके घेतं. रेडिएटरचा फॅन लागला किंवा क्लच दाबून थांबायला गेलो की इंजिन बंद. आयडलचा स्क्रू आवळून पाहिला, फरक नाही. काय बदलू?
— एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : तूर्त काहीच बदलू नका, आणि तो स्क्रू होता तिथे परत आणा. थ्रॉटलचं, म्हणजे इंजिनात जाणारी हवा अडवणाऱ्या झडपेचं पातं किती मिटायचं एवढंच तो ठरवतो. तो आवळला की पातं थोडं उघडं राहतं, थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज वाढतो आणि पाय रेसवरून उचललाय हे ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) कळतच नाही. मग आयडलिंग सांभाळायचं काम तो सोडून देतो.

फॅन लागताच बंद पडते, ही तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची खूण आहे. आमचा पहिला संशय अर्थिंगवर आहे. फॅन साधारण १० अँपिअर ओढतो. त्याची आणि सेन्सरची अर्थ एकाच बोल्टवर असेल आणि त्या जोडात ०.०२ ओहम जरी अडथळा असेल, तरी सेन्सरचं रीडिंग ०.२ व्होल्टने चढतं. मिटलेल्या थ्रॉटलचे ०.६ व्होल्ट ईसीयूला ०.८ दिसतात. वर सांगितलेला स्क्रूचा घोटाळा इथे वायरीतून होतो.

तपासणी सोपी आहे. मल्टिमीटर डीसी २ व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नाही. इंजिन चालू, फॅन आणि हेडलाइट चालू. लाल पिन इंजिन ब्लॉकवर लावल्यावर ०.१ व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. सेन्सरच्या अर्थ वायरवर ०.०५ च्या आत. जास्त आलं तर लग (वायरीच्या टोकाची बोल्टखालची कडी) उघडून खाली पाहा. घरी बांधलेल्या गाड्यांत तो बहुतेक वेळा पावडर कोटिंगवरच आवळलेला सापडतो. वरून बोल्ट चकचकीत, खाली रंग तसाच. लगाएवढी जागा धातू चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळून वरून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरी ते ब्लॉक २५ चौरस मिमीची केबल, ब्लॉक ते चासी दुसरी. ईसीयूची अर्थ थेट ब्लॉकवर. सेन्सरची अर्थ फक्त ईसीयूकडे परत जाते, चासीला कुठेही नाही.

मग थ्रॉटल सेन्सर बघा: मिटलेला असताना ०.५ ते १ व्होल्ट, पेडल हळू दाबताना मध्ये कुठेही न तुटता चार-साडेचारपर्यंत चढायला हवा.

आता झोके. थ्रॉटल आणि इंजिनच्या मध्ये कुठून तरी फुकटची हवा आत येते, आरपीएम चढतो. पाय वर आणि आरपीएम जास्त म्हणजे गाडी उतारावर आहे असं समजून ईसीयू पेट्रोल तोडतो; आरपीएम पडला की पुन्हा देतो, की पुन्हा चढतो. गळती शोधायला गरम इंजिनवर थ्रॉटल बॉडीतली आयडल हवेची वाट बोटाने बंद करा. इंजिन मरायला टेकलं तर ठीक. आरामात ९०० वर चालत राहिलं तर हवा दुसरीकडून येतेय. ब्रेकचा बूस्टर काढला असेल तर मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या भागाच्या) त्या नळीवरची रबरी टोपी आधी बघा; ती खालच्या बाजूने चिरते, वरून दिसत नाही. उरलेले होज (रबरी नळ्या) गुळगुळीत पकडीने एकेक दाबून पाहा. इंजेक्टरचे ओ-रिंग आणि थ्रॉटल बॉडीचं गॅस्केट शेवटी. तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर मारून गळती शोधू नका, भडका उडतो. व्हॅक्युम गेज असेल तर ठाण्यासारख्या समुद्रसपाटीच्या गावात १७ ते २१ इंच (पाऱ्याचे), आणि काटा स्थिर हवा.

थांबताना बंद पडणं एवढंच उरलं, तर गाडीचा वेग ईसीयूला सांगणारा स्पीड सेन्सर जोडलाय का? जुन्या गाड्यांत तो अनेकदा स्पीडोमीटरमध्येच असतो, आणि हौशी मंडळी मीटर बदलताना तो टाकून देतात. फ्लायव्हील (इंजिनचे फेरे सारखे ठेवणारं जड चाक) हलकं करून घेतलं असेल तर मात्र आयडलिंग हजारच्या आसपास ठेवावंच लागेल.

प्रश्न : टाकी पावच्या खाली गेली की लांब वळणावर इंजिन गुदमरतं, सरळ झालं की पुन्हा नीट. पंप नवा आहे.
— एक वाचक, तुर्भे

उत्तर : पंप निर्दोष आहे. वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. टाकीत भोकं पाडलेले आडवे पडदे वेल्ड करून घ्या, किंवा टाकी आणि मुख्य पंपाच्या मध्ये लिटर-दीड लिटरचा स्वर्ल पॉट (कायम भरलेली राहणारी छोटी टाकी) बसवा. त्यात पेट्रोल आणायला कमी दाबाचा वेगळा पंप लागेल, आणि इंजिनकडून परतणारी नळीही त्यातच सोडा. वेल्डिंगआधी टाकी पूर्ण धुऊन, वाफ काढून घ्या. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक. नोंदणी झाली नसेल तर चाचणी आवारातच.

प्रश्न : मारुती ८०० चं कार्बोरेटरवालं इंजिन. सगळं साफ केलं, तरी आयडलवर अडखळतं.
— एक वाचिका, ऐरोली

उत्तर : पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. नुसत्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, या इथेनॉलवाल्या पेट्रोलला साधारण १३.५. जुना जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) तेवढंच पेट्रोल सोडतो, म्हणून हवेच्या मानाने पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण पातळ पडतं. गरम इंजिनवर मिक्श्चर स्क्रू पाव वळसा बाहेर काढा, आरपीएमचा काटा सर्वांत वर स्थिर होईल तिथे थांबा. तरी अडखळलं तर स्लो जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारा) एक नंबर मोठा. इंधनाचे होज इथेनॉलला टिकणारे घ्या. जुने आतून सुटतात आणि तोच चुरा जेटमध्ये अडकतो.