स्पर्धेच्या नियमांमुळे ग्लायडर आपोआप सुरक्षित होतं का?

तुम्ही मुंबईतल्या कॉलेजच्या टीमसाठी रिमोटवरचं ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) बनवताय आणि विचारताय, की नियमावलीत पंखांच्या लांबीवर मर्यादा आहे, तर सुरक्षेची काळजी त्यातच आली का? माझं स्पष्ट मत, नाही आली. नियम एका आकड्याला वेसण घालतो आणि डिझायनर बाकीचे सगळे आकडे ताणत जातो. धोका मग नियमाची नजर नसते तिकडे सरकतो.

माणूस बसतो त्या ग्लायडरचंच बघा. 1950 च्या दशकात ओस्टिव्ह या आंतरराष्ट्रीय संस्थेने स्टँडर्ड क्लास हा स्पर्धेचा गट आखला. पंख टोकापासून टोकापर्यंत 15 मीटर, फ्लॅप (पंखामागच्या हलत्या पट्ट्या) नाहीत, चाक आत ओढायचं नाही. ग्लायडर स्वस्त आणि सोपं राहावं हा हेतू होता, आणि 1958 मध्ये बक्षीस मिळवणारं लाकडी का-6 हे ग्लायडर खरोखर तसंच होतं. पुढे फायबरग्लास आलं, चाक आत घ्यायला आणि पंखात पाणी भरायला परवानगी मिळाली. लांबी वाढवता येत नाही म्हटल्यावर सगळं डोकं पंखाच्या छेदाच्या आकारात, टोकाच्या विंगलेटमध्ये (टोकाशी वर वळलेला छोटा पंख) आणि वजनात लागलं. जड ग्लायडर तेवढ्याच उताराने जास्त वेगात जातं, म्हणून थर्मल (वर चढणारी गरम हवा) जोरदार असतील त्या दिवशी पाणी भरून घेतात. पण 350 किलोचं ग्लायडर 525 किलोपर्यंत (ही या क्लासची कमाल मर्यादा) नेलं, तर स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख ग्लायडरला पेलू शकत नाही) सुमारे 22 टक्क्यांनी वाढतो, कारण तो वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. म्हणून उतरण्याआधी पाणी सोडून देतात. त्या वेळी एका बाजूची झडप अडकली, तर एक पंख जड राहतो आणि कमी वेगात ग्लायडर त्याच बाजूला कलून स्पिनमध्ये (गरगरत खाली) जाऊ शकतं. नुसता 15 मीटरचा नियम वाचून हे कुणाच्या लक्षात येईल?

मी कामशेतला पॅराग्लायडिंग करतो, त्यामुळे पुढची गोष्ट मला जास्त लागते. पॅराग्लायडिंग स्पर्धेच्या ओपन क्लासमध्ये पूर्ण प्रमाणपत्र नसलेले पंख (पायलटच्या वरचं कापडी छत) चालत. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून पायलटला पंखाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या रांगा कमी होत होत दोनवर आल्या, दोऱ्याही बिनआवरणाच्या. अशी दोरी चिमटीत धरली की शिवणाच्या जाड दोऱ्यासारखी वाटते आणि त्याखाली माणूस लटकलेला असतो. जुलै 2011 मध्ये स्पेनमधल्या पिएद्राहिता इथल्या जागतिक स्पर्धेत दोन पायलटांचा जीव गेला आणि स्पर्धा तिथेच थांबवली. त्यानंतर असे पंख बंद झाले. पुढे स्पर्धेच्या पंखांसाठी जो सीसीसी क्लास आला, त्यात पंखाच्या आस्पेक्ट रेशोवर (रुंदीच्या मानाने पंख किती लांब) आणि कमाल वेगावरही मर्यादा आहे. वेगाची मर्यादा मला फार मोलाची वाटते. ती नसेल तर जिंकायचं असणाऱ्या प्रत्येकाला सर्वांत वेगवान पंख घ्यावाच लागतो, मग तो झेपो वा न झेपो.

काही नियम डिझाइनला हातही न लावता जीव वाचवतात. पूर्वी ग्लायडर जमिनीलगत सुसाट येऊन फिनिश लाइन ओलांडायची. आता बऱ्याच ठिकाणी धावपट्टीभोवती मोठं वर्तुळ आखून ते ठरलेल्या किमान उंचीवरूनच पार करायला लावतात. शेवटच्या थेंबापर्यंत उंची खर्च करण्यात मग काही फायदाच उरत नाही.

म्हणून तुम्ही आधी गुण कशाला आहेत ते वाचा. कमी वजनाला गुण असतील तर टीममधला कुणीतरी पंखाचा स्पार (पंखाला आतून पेलणारा मुख्य दांडा) तासत सुटणार, हे धरून चाला आणि स्वतःचा एक नियम लावा: पूर्ण वजनासह ग्लायडर दोन्ही पंखांच्या टोकांना धरून उचलायचं. सरळ, स्थिर उड्डाणात पंखाच्या मुळाशी जेवढं वाकवणारं बळ येतं, त्याच्या दुपटीहून जास्त इथे येतं. करकर ऐकू आली तर स्पार बदला.

आणि शहरातल्या मैदानावर परस्पर उडवू नका. मुंबई पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोन, रिमोटवरची छोटी विमानं आणि पॅराग्लायडर यांना मनाई करतात. चाचणीची तारीख ठरवण्याआधी चालू आदेश बघून घ्या.