उपटलेला पालक

"मॅडम, परवा मी पालकाचा अख्खा वाफा उपटून टाकला." काका खुर्चीत बसायच्या आतच म्हणाले, तेही गुन्हा कबूल करावा तशा आवाजात.

वय 63. निवृत्त झाल्यापासून गच्चीवर टोमॅटो, मिरची, वांगी, पालक असं काहीबाही लावतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बागेचंच वेड असलेले पाच-सहा मित्र आहेत. सकाळी एकमेकांच्या बागेत चक्कर, बियांची देवाणघेवाण आणि मग गप्पा. मिरचीवरच्या मावा किडीवरून गाडी मधुमेहावर आणि तिथून मूत्रपिंडावर कधी घसरते, कळतही नाही. घरी आले की काका ऐकलेला आजार स्वतःच्या अंगात शोधायचे. कुणाला मुतखडा निघाला की यांच्या पाठीत कळ. रक्तदाब दिवसातून आठ-दहा वेळा मोजायचे आणि धास्तावून मोजल्यावर तो चढलेलाच दिसायचा.

त्यांचा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेकांचा असतो. गप्पांना जावं तर रात्री झोप नाही, न जावं तर दिवस खायला उठतो. करायचं काय?

इथे माझंच आधी चुकलं होतं. पहिल्या भेटीत मी सरळ म्हटलं, थोडे दिवस जाऊ नका. पंधरा दिवसांनी काका आले ते जास्तच खचून. मित्र तुटले, पण धास्ती गेली नव्हती. तिला आता मोबाईल मिळाला होता. आजार शोधत रात्रीचे दोन वाजायचे. मित्रांत निदान कुणीतरी चेष्टा करून हसवायचं तरी. मी शब्द मागे घेतला.

आणि आता हा पालक. काकांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, तेव्हापासून वॉरफरिनची गोळी चालू. गप्पांना परत जायला लागल्यावर एक मित्र म्हणाला, "रक्त पातळ करायच्या गोळीवर पालक म्हणजे विष!" झालं. घरी येऊन वाफा साफ.

गोळ्यांबद्दल मत देणं माझं काम नाही. मी त्यांना समोर बसवूनच डॉक्टरांना फोन करायला लावला. त्यातून कळलं ते असं: पालकात व्हिटॅमिन के भरपूर असतं, ते रक्त गोठायला मदत करतं आणि वॉरफरिन नेमकं त्याच्या विरुद्ध काम करतं. पण गोळीचं प्रमाण माणसाच्या नेहमीच्या खाण्याशी जुळवलेलं असतं. नेहमी पालक खाणाऱ्याने तो एकदम बंद केला तर तीच गोळी जास्त लागू पडते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. एकदम खूप खाल्ला तर उलटं. म्हणून खाणं साधारण सारखं ठेवायचं आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासत राहायचं. काकांना लगेच ती तपासणी करून घ्यायला सांगितलं. म्हणजे मित्र खोटं बोलला नव्हता, पण अर्धंच बोलला होता.

मी विचारलं, "टोमॅटोचं पान पिवळं पडलं तर काय करता?"

"आधी मातीत बोट घालून बघतो. ओल जास्त आहे का, कमी आहे का. खालचं जुनं पान असेल तर बघतही नाही."

"रोप उपटत नाही?"

काका बराच वेळ हसले.

मग त्यांच्या पेरणीच्या वहीतच मागची पानं ठरवली. गप्पांत ऐकलेलं तिथे लिहायचं, पुढे दोनच खुणा: 'त्याचा अनुभव' किंवा 'डॉक्टरांना विचारायचं'. मोबाईलवर शोधायचं नाही. रक्तदाब डॉक्टर सांगतील त्याच वेळी मोजायचा. पण छातीत दुखलं, धाप लागली, डोक्यावर आपटून पडलात, रक्त थांबेना किंवा शौच काळं झालं तर वहीबिही नाही, थेट रुग्णालय. हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. घाबरट माणसाला 'घाबरू नका' एवढंच सांगून सोडणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

वही काही जादू नव्हे. मधे एकदा रात्री मोबाईल उघडलाच त्यांनी. सांगताना ओशाळले होते. पण तिसऱ्या महिन्यात वही दाखवली तेव्हा 'त्याचा अनुभव' ही खूण पानभर होती आणि दुसरी तीन ठिकाणी.

"पालकाचं काय?" मी विचारलं.

"परत पेरलाय. काढणीला अजून महिना आहे," काका म्हणाले. "तोवर विकतचा. पण तेवढाच हं, जेवढा आधी खायचो!"