बाटली, वाटी-चमचा उकळणं नेमकं कधी थांबवायचं?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं : बाळ साडेसहा महिन्यांचं आहे, पूर्ण दिवसांचं जन्मलेलं आणि तब्येतीने ठणठणीत. आईच्या दुधाबरोबर दिवसातून दोनदा बाटलीने पावडरचं दूध दिलं जातं आणि पेज नुकतीच सुरू झालीय. घरात कुणी म्हणतं वर्षभर उकळा, कुणी म्हणतं तीन महिने झाले की बास. आणि बाळ तर फरशीवरचं सगळंच तोंडात घालतंय.

वाटी, चमचा, पाण्याचा पेला, खेळणी उकळणं आजपासून बंद केलं तरी चालेल. साबणाने नीट धुवा, निथळून वाळवा, एवढं पुरे. बाटली, निपल आणि दूध काढायचा पंप असेल तर त्याचे दुधाला लागणारे भाग मात्र वर्षाचं होईपर्यंत दिवसातून एकदा उकळत राहा. प्रत्येक वेळी उकळायची गरज नाही.

हा भेद वयापेक्षा दुधामुळे आहे. फरशी चाटताना बाळाच्या पोटात थोडेफार जंतू जातात, ते त्याला बहुतेक वेळा झेपतात. बाटलीत तसं नसतं. निपलच्या कडेला राहिलेला दुधाचा थेंब म्हणजे जंतूंना ओलावा, साखर, प्रथिनं सगळं आयतं मिळालं. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या स्वयंपाकघरात काही जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. म्हणजे सकाळी विसळून ठेवलेल्या बाटलीत दुपारपर्यंत काय होत असेल, याचा अंदाज करा. पेजेची वाटी उघडी, रुंद तोंडाची, बोट फिरवलं की चिकटपणा लगेच कळतो. बाटलीला कोपरे फार.

म्हणून उकळण्यापेक्षा धुण्याकडे जास्त लक्ष द्या, असं मी कळकळीने सांगेन. दुधाचा थर तसाच ठेवून बाटली उकळली तर तो थर शिजून आणखी घट्ट बसतो आणि त्याच्याखालचे जंतू वाचतात. दूध पाजून झालं की लगेच साध्या पाण्याने खळबळा, गरम पाण्याने नको. मग सगळे भाग सुटे करा : बाटली, गोल आटं, निपल, आणि काही बाटल्यांत हवेसाठी असते ती छोटी झडप. गरम साबणाच्या पाण्यात बाटलीच्या ब्रशने घासा. निपल उलटं करून आतून चोळा आणि भोकातून पाणी पिळून काढा. आट्याच्या आतल्या वळ्यांत पांढरट थर साचतो, तिथे जुना मऊ टूथब्रश याच कामाला वेगळा ठेवा. ज्या घासणीने तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पातेली निघतात ती बाळाच्या वस्तूंना लावू नका. शक्यतो सिंकमध्येही धुऊ नका, एक छोटं टोपलं वेगळं ठेवा.

धुतल्यावर फडक्याने पुसू नका. फडकंच बहुतेक वेळा सगळ्यात घाण असतं. जाळीवर उपडं ठेवून वाळू द्या. पावसाळ्यात इथे काहीच लवकर वाळत नाही, अशा वेळी ओली बाटली झाकण लावून ठेवली की आट्यात काळे ठिपके येतात. ती बुरशी. निपलवर ठिपके दिसले तर उकळून वापरायच्या भानगडीत न पडता फेकून द्या.

उकळताना वस्तू पूर्ण बुडाल्या पाहिजेत. बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढा भाग कोरडाच राहतो. पाण्याला खळखळून उकळी आली की तिथून पाच मिनिटं मोजा. काही देशांत दहा सांगतात. पातेल्याच्या तळाशी एक स्टीलची ताटली ठेवली की प्लॅस्टिक थेट तापलेल्या बुडाला लागत नाही. रोज उकळून निपल चिकट, फुगलेलं किंवा चिरलेलं दिसलं की बदला. रबराचं सिलिकॉनपेक्षा लवकर खराब होतं. बोअरच्या पाण्याने पांढरा क्षार धरतो, तो थोड्या व्हिनेगरच्या पाण्यात भिजवला की निघतो. आत पाणी भरलेलं टीथर (दात येताना चावायचं खेळणं) मात्र कधीच उकळू नका, ते फुटतं.

घरातले दोन सल्ले वेगळे का, तेही सांगते. अमेरिकेतली सीडीसी ही संस्था म्हणते की दोन महिन्यांपेक्षा लहान, अपुऱ्या दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी रोजचं निर्जंतुकीकरण विशेष महत्त्वाचं. मोठ्या, निरोगी बाळाला प्रत्येक वेळी नीट धुतलेलं पुरू शकतं. ब्रिटनची आरोग्य सेवा वर्षभर करायला सांगते. पाण्याची खात्री नसेल तिथे मी वर्षभराच्याच बाजूची. इचलकरंजीत 2012 साली काविळीची साथ आली ती दूषित पाण्यातूनच. बाळाला प्यायला द्यायचं पाणीही म्हणून उकळूनच द्या, खळखळ उकळी एक मिनिट टिकली की पुरे.

बाटली कितीही उकळली तरी पावडर निर्जंतुक नसते, हे अनेकांना माहीतच नसतं. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, निदान 70 अंश गरम असतानाच पावडर घाला, मग बाटली थंड पाण्यात धरून निववा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. आधी पाणी मोजून घ्यायचं, नंतर पावडर. पाजायला सुरुवात केल्यापासून तासाभरात न संपलेलं दूध टाकून द्या, पुन्हा गरम करून देऊ नका. बाटली घासण्या-उकळण्याची उठाठेव नको वाटत असेल तर दूध पाजायला स्टीलची वाटी आणि चमचा घ्या. बालरोगतज्ज्ञ बाटलीपेक्षा तेच सुचवतात, आणि 1992 च्या कायद्याने आपल्याकडे बाटल्यांच्या जाहिरातीलाच बंदी आहे. घरात जुनं चांदीचं बोंडलं असेल तर त्याच्या चोचीत दूध अडकतं, तिथे बारीक ब्रश लागतो. वर्षाचं झालं की बाटली उकळणं थांबवण्यापेक्षा बाटलीच हळूहळू सोडवा, पेल्याने प्यायला शिकवा.

काही दिवस मात्र नियम पुन्हा कडक करा. तोंडात पांढरे चट्टे आले असतील तर उपचार सुरू असेपर्यंत निपल, चोखणी, उकळता येणारी टीथर रोज उकळा. जुलाब सुरू असतील तेव्हाही तसंच. पंचगंगेला महापूर येतो तेव्हा तर नक्की : ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पाणी उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि कोल्हापूर शहराला टँकरवर राहावं लागलं. गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं स्वच्छ पाणी फडक्यातून गाळा आणि मग उकळा. नळ पुन्हा सुरू झाला की पाणी निवळेपर्यंत ते भांड्यांना, फरशीला वापरा, बाळाच्या वस्तूंना नाही.