कार्यवाह, नोकरी आणि घर: रात्री तीनला जाग येते तेव्हा

“मला हे काम मनापासून आवडतं. पण बैठकीहून घरी परतताना आपण काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटतं.” साहित्य संमेलनं, एकांकिका स्पर्धा, वाचनालयं चालवणाऱ्यांकडून, त्यातही बायकांकडून, समुपदेशनात हे वाक्य वारंवार ऐकू येतं. कोकणात तर जास्तच. १९९१ साली कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाल्यावर इथे तालुक्यातालुक्यांत शाखा उभ्या राहिल्या, आणि त्यांचा भार वाहणारी बहुतेक माणसं नोकरी, बागायत नि घर सांभाळूनच तो वाहतात.

रत्नागिरी तालुक्यातल्या एक बाई डिसेंबरच्या सुरुवातीला आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पतसंस्थेत नोकरी, नवऱ्याची हापूसची बाग, मुलगी दहावीला, सासूबाईंचे गुडघे धरलेले. जानेवारीत हायस्कूलच्या पटांगणात दोन दिवसांचं संमेलन आणि त्या कार्यवाह. रोज रात्री तीनला जाग यायची, मग मांडव, माईक, मानधन असं एकेक आठवत पहाट व्हायची. “एक चांगलं वेळापत्रक करून द्या,” एवढीच त्यांची मागणी होती.

वेळापत्रक दिलं नाही. आधी तीन दिवस एका वहीत डोक्यात येईल ते प्रत्येक काम लिहायला सांगितलं, आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी: ते करतं कोण, आणि ते लक्षात कोण ठेवतं. दुखणं तिथेच सापडलं. कामं आठ जणांत वाटलेली होती, पण आठवण ठेवणं सगळं त्यांच्याकडे. मांडववाल्याशी बोलणार दुसरा, त्याला तीनदा स्मरण देणार या. घरीही तेच. सासूबाईंची औषधं नवरा आणायचा, पण गोळ्या संपत आल्यात हे बघणार याच. अशा थकव्यावर एक दिवसाची रजा उपयोगी पडत नाही, कारण रजेतही डोक्यातला पहारा चालूच असतो.

म्हणून काम द्यायचं तर शेंड्यापासून बुडख्यापर्यंत द्यायचं, पैशासह नि फोन नंबरांसह. उदाहरणार्थ पाहुण्यांचा प्रवास. यात मुंबईहून येण्याजाण्याची तिकिटं, स्टेशनवर गाडी, मुक्काम, पथ्यपाणी आणि प्रवासखर्चाचं पाकीट हे सगळं एकाच माणसाकडे, इथे समितीतल्या एका शिक्षकांकडे. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे जानेवारीच्या संमेलनाची तिकिटं नोव्हेंबरातच काढायला हवीत. इथे तो मुहूर्त टळला होता, तेव्हा प्रतीक्षायादी, तत्काळ की खासगी गाडी हे ठरवण्याचा अधिकारही त्या शिक्षकांनाच दिला.

दिलेलं काम परत कसं येतं, तेही इथे दिसलं. निमंत्रणपत्रिकेचं मुद्रितशोधन एका तरुणाकडे होतं. त्याने प्रूफ पक्कं केल्यावर बाईंनी रात्री बसून पुन्हा बदल केले. पुढच्या वेळी त्याने प्रूफ न वाचताच त्यांच्याकडे पाठवलं. त्याचं काय चुकलं? यावर दोन गोष्टी ठरल्या. दर बुधवारी संध्याकाळी पाऊण तासाची बैठक, त्यात प्रत्येकाने काय झालं, काय अडलं, किती पैसे लागतील एवढंच सांगायचं. मध्ये फोन नाही. दुसरं, कुठली चूक चालेल हे आधीच लिहून ठेवायचं. फलकावर एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर चालेल. ध्वनिक्षेपकाचा पोलीस परवाना, संमेलनाध्यक्षांचा प्रवास, पिण्याचं पाणी आणि हिशेब या चारांत चालणार नाही. बाईंनी जातीने बघायच्या त्या एवढ्या चारच.

मग कार्यक्रमाला कात्री. कविसंमेलनात ४० नावं होती. प्रत्येकी ५ मिनिटं आणि नाव पुकारण्यात, टाळ्यांत जाणारं १ मिनिट धरलं तरी ४ तास. ७ ला सुरू केलं तर ११ वाजणार, आणि ध्वनिक्षेपक १० ला बंद करावा लागतो. २५ कवी घेतले तर अडीच तासांत, साडेनऊला आटोपतं. पण उरलेल्या १५ जणांना नाही कोण म्हणणार? गावात रोज समोर येणारी माणसं ती. इथे बाईंची झोप सर्वांत जास्त उडत होती. पत्र समितीच्या नावाने गेलं, खाली अध्यक्षांची सही. बाईंनी फक्त एक वाक्य पाठ केलं: “यंदा पंचवीसच घेतलेत, ते समितीने ठरवलंय.” स्पष्टीकरण वाढवलं की घासाघीस सुरू होते.

घरच्यांना एकदा बोलावलं. मुलीचं मागणं छोटं निघालं: रात्री ८ ते ९ आईचा फोन आजीच्या खोलीत राहावा. नवऱ्याचा राग मात्र गेला नाही, आणि त्याला संमेलनाची गोडी लावायचा प्रयत्नही केला नाही. त्याचं म्हणणं रास्त होतं. जानेवारीत मोहोरावरच्या फवारण्या, मुलीची पूर्वपरीक्षा, पतसंस्थेत मार्चअखेरच्या वसुलीची सुरुवात. तारीख ठरवताना घरात कुणाला विचारलंच नव्हतं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तो घर बघेल, एवढ्यावर समझोता झाला. पुढच्या वेळी संमेलनाला नोव्हेंबरअखेरचा मुहूर्त बघावा, भातकापणी उरकलेली असते. अवकाळी पावसासाठी शाळेचं सभागृह मात्र आधीच मागून ठेवायचं.

तीन आठवड्यांत बाईंची झोप बरीच सुधारली. असं दर वेळी होत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक रात्री झोप नसेल, आवडतं कामही नकोसं होत असेल, रडू येत असेल, तर वह्या-याद्यांवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं.

संमेलन संपल्यावर हिशेब आठ दिवसांत मिटवा, नाहीतर तो मार्चपर्यंत डोक्यात बसतो. आणि पुढच्या वर्षीचं कार्यवाहपद समारोपाच्या टाळ्यांत स्वीकारू नका. महिनाभर थांबा, घरी विचारा, मग कळवा.