पार्लरच्या वेबसाइटवर ब्लॉग लिहायचा की नाही?

या खेपेला टपालात पार्लरवाल्यांचीच पत्रं जास्त आलीत, त्यातली तीन घेतेय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण प्रश्नच तसा आहे.

प्रश्न: ताई नमस्कार, मी फोंड्याजवळ पार्लर चालवते, सात वर्षं झाली. थ्रेडिंग, वॅक्सिंग, क्लीनअप, फेशियल, हेअर स्पा हे रोजचं आणि सीझनला ब्रायडल मेकअप. ब्रायडलचे साडी ड्रेपिंग धरून १२,००० घेते. पुतण्याने वेबसाइट करून दिली, दिसायला छान आहे, पण तिच्यावरनं एकही गिऱ्हाईक आलेलं मला आठवत नाही. आता एका एजन्सीचा फोन आला की वेबसाइटवर ब्लॉग हवाच, महिन्याला आठ लेख आम्ही टाकू, ६,००० रुपये. पुतण्या म्हणतो घे, ब्लॉगशिवाय गूगल वर नेतच नाही. नवरा म्हणतो इन्स्टा आहे ना, मग ही थेरं कशाला. एजन्सीने पाठवलेला सॅम्पल लेख सोबत जोडलाय. लिहायचं की नाही, आणि लिहायचं तर मराठीत की इंग्लिशमध्ये? मी तुमच्यापेक्षा लहान आहे, अगं-तुगं केलंत तरी चालेल.
— एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर: अगं, आधी तो सॅम्पल लेख. 'हिवाळ्यात त्वचेची काळजी घेण्याचे दहा उपाय.' तिसरा उपाय काय तर रूम हीटर कमी ठेवा आणि खोलीत पाण्याचं भांडं ठेवा. फोंड्यात! आपल्याकडे डिसेंबरात दुपारी पंखा लावावा लागतो आणि हे हीटर कमी करायला सांगतायत. कुठल्या तरी उत्तरेकडच्या पार्लरसाठी लिहिलेला लेख आहे, नाव बदलून तुला पाठवलाय, उद्या मडगावच्या पार्लरलाही हाच जाईल.

आणि सातवा उपाय वाचलास ना, 'आठवड्यात उजळ गोरा रंग'? हे तुझ्या नावाने अजिबात छापू देऊ नकोस. काळ्या-सावळ्या रंगाला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत असं जाहिरातवाल्यांच्याच संस्थेने, एएससीआयने, २०१४ मध्ये सांगितलंय, आणि २०२० मध्ये तर फेअर अँड लव्हलीने नावातला फेअर काढून ग्लो केला. एवढी मोठी कंपनी जिथून मागे सरली तिथे तू कशाला पाय ठेवतेस.

आता हिशोब. महिन्याला ६,००० म्हणजे वर्षाला ७२,०००, म्हणजे तुझ्या दराने सहा नवऱ्या नुसत्या ब्लॉगसाठी नटवायच्या, आणि त्यात तुझं सामान, तुझी हेल्पर, पहाटे चारला उठून जायचं ते वेगळंच. असल्या लेखांवरनं सहा ब्रायडल मिळतील असं मला वाटत नाही. एजन्सीला नाही म्हणून सांग.

पण नवऱ्याचं म्हणणंही पूर्ण बरोबर नाहीये, त्यामुळे लगेच त्याच्यासमोर हार मानू नकोस.

बघ, तुझ्याकडे कोण येतं? आयब्रो करायला येणारी वाड्यावरची वहिनी गूगल करून येत नाही, ती दारावरनं जाताना आत डोकावते, गर्दी नसली की बसते. तिच्यासाठी तू ब्लॉग लिही नाहीतर पोथी लिही, तिला काही फरक पडत नाही. पण जी मुलगी दुबईला किंवा पुण्याला नोकरीला आहे आणि लग्नाला म्हणून पंधरा दिवसांची रजा काढून घरी येणार आहे, ती तुझ्या दारात डोकावू शकत नाही. ती चार-पाच महिने आधी रात्री फोन घेऊन बसते आणि शोधते, फोंड्यात ब्रायडल मेकअप कोण करतं, किती घेतं, घरी येतं का, ट्रायल देतं का. तिला काय सापडतं? तुझ्या वेबसाइटवर मी जाऊन बघितलं, पहिल्या पानावर 'सौंदर्याचा नवा अनुभव' असं लिहिलंय, एका गोऱ्या परदेशी बाईचा विकतचा फोटो आहे, आणि दर कुठेच नाहीत. मग ती पुढच्या पार्लरवर जाते, तिची काय चूक.

म्हणून ब्लॉगच्या आधी दोन कामं. गूगल मॅपवर तुझ्या पार्लरची जी नोंद आहे, बिझनेस प्रोफाइल म्हणतात ती, ती नीट कर. फुकट आहे. जवळपासचं पार्लर शोधणाऱ्याला कोण वर दाखवायचं हे गूगल तीन गोष्टींवर ठरवतं असं गूगलनेच लिहून ठेवलंय: शोधतायत त्याच्याशी तुझं काम जुळतं का, अंतर किती, आणि तुझं नाव किती झालेलं आहे. अंतर तुझ्या हातात नाही, पण बाकीच्या दोन गोष्टी बऱ्याच आहेत. तुझ्या नोंदीत नुसतं 'ब्युटी पार्लर' आहे, मेकअप आर्टिस्ट ही कॅटेगरीच घातलेली नाहीये, सर्व्हिसेस रिकाम्या आहेत, आणि वेळ रोज नऊ ते आठ दाखवतेय, गणेश चवथीच्या दिवसांतसुद्धा. चवथीला फोंड्यात कोण पार्लर उघडतं? पुतण्याला म्हणावं ब्लॉगचं नंतर बघू, आधी हे भर. दुसरं काम, वेबसाइटवर एक साधं ब्रायडलचं पान: १२,००० मध्ये काय काय येतं, ट्रायलचे वेगळे किती, अ‍ॅडव्हान्स किती, कुठल्या गावापर्यंत येतेस, गाडीभाडं कोणाचं. दर लिहिले तर शेजारची पार्लरवाली बघेल ही भीती सगळ्यांनाच असते, पण तिला ते तसेही माहीत असतात गं.

हे झालं की मग लिहायचं. पण ब्लॉग म्हणून नाही, म्हणजे दर सोमवारी काहीतरी टाकायचंच असलं नाही. तुझ्या खुर्चीत बसलेली बाई जे विचारते तेच लिहायचं. आठवडाभर काउंटरवर एक वही ठेव आणि विचारलेला प्रत्येक प्रश्न तिच्याच शब्दांत टिपून ठेव, व्हॉट्सअ‍ॅपवरचे पण. मग बघ त्यातले कुठले परत परत येतायत.

एक उदाहरण देते. आपल्याकडच्या नवरीचा हमखास प्रश्न, वॅक्सिंग चुड्याच्या आधी की नंतर? याचं उत्तर त्या हीटरवाल्या एजन्सीला जन्मात देता येणार नाही, तुला झोपेत देता येतं. चुडा एकदा भरला की काढायचा नसतो, आणि हिरव्या बांगड्या मनगटावर चढल्या की वॅक्सची पट्टी फिरवायला जागाच उरत नाही. त्यात मेंदी. मेंदी झाल्यावर वॅक्स केलं तर रंग उतरतो, म्हणजे वॅक्स आधी, पण अगदी त्याच दिवशी नको, त्वचा लाल झालेली असते, एक दिवस मोकळा ठेवायचा. आणि मेंदीचा रंग काढल्या काढल्या केशरी दिसतो, तो गडद व्हायला दिवस-दोन दिवस जातात, त्यामुळे लग्नाच्या आदल्या रात्री मेंदी काढून सकाळी रंग आला नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही. म्हणजे चुडा कधी आहे ते घरी विचारून घ्या आणि तिथून मागे दिवस मोजत या. झाला की लेख! पाचशे शब्दही नकोत. खाली तुझा नंबर, ब्रायडलच्या पानाची लिंक, बस.

असेच बाकीचे. मे महिन्यात घरापुढच्या मांडवात लग्न आहे, मेकअप घामाने टिकेल का. अंबाड्यावर आबोलीची भरगच्च वेणी माळायची तर केस कमी असलेल्या मुलीने काय करायचं. पावसात स्मूदनिंग करू की थांबू. केस रंगवायला आलीस तर मी आधी कानामागे थोडं लावून ४८ तास थांबायला का सांगते... हा शेवटचा तर लिहिच, कारण ऐन वेळी रंगवून द्या म्हणून हट्ट करणाऱ्या बाईला तोंडाने समजावताना भांडण होतं, लिंक पाठवली की होत नाही. केसांच्या बऱ्याच डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, काहींना त्याची जबरदस्त अ‍ॅलर्जी येते, डोळे सुजून बंद होईपर्यंत, आणि टेस्ट करा हे डायच्या पाकिटावरच छापलेलं असतं, कोणी वाचत नाही. माझ्या मते असल्या पानांचा खरा उपयोग निम्मा गूगलसाठी आणि निम्मा व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच टाइप करायचं वाचवायला होतो. अशी सहा-सात पानं झाली की थांब. दरवर्षी एकदा उघडून दर आणि तपशील बदल, नवीन प्रश्न आला तर नवीन पान. बंद पडलेला ब्लॉग, ज्याच्यावर शेवटची तारीख तीन वर्षांपूर्वीची आहे, तो बघून लोकांना वाटतं पार्लरच बंद झालं, म्हणून पानांवर तारीख मिरवायची गरज नाही.

पुतण्या म्हणेल एआयकडून लिहून घेऊया, दोन मिनिटांत होतं. शुद्धलेखन तपासायला घे, पण मजकूर तुझाच हवा. गूगलने मार्च २०२४ मध्ये नियम कडक केलेत, नुसतं वर यायला म्हणून ढिगाने पाडलेला मजकूर, मग माणसाने पाडलेला असो की मशीनने, त्यांना नकोय. आणि मशीनला फोंड्यातला चुडा कोण सांगणार!

भाषेचं. आपल्याकडे घरी कोंकणी, पेपर मराठी आणि फोनवर टाइप इंग्रजी अक्षरांत, अशी सगळी सरमिसळ, त्यामुळे एकच नियम चालत नाही. दराचं आणि ब्रायडलचं पान इंग्लिशमध्ये ठेव, कारण शोधणारे सेवेचं आणि गावाचं नाव बहुतेक इंग्लिशमध्येच घालतात, शिवाय ख्रिश्चन नवऱ्या आणि बाहेरनं गोव्यात येऊन लग्न करणारे, त्यांना तेच वाचता येतं. प्रश्नांची पानं मराठीत लिही, तू बोलतेस तशी, फक्त सेवेचं नाव मथळ्यात दोन्ही लिप्यांत घाल. आणि पुतण्याकडून गूगलचं सर्च कन्सोल जोडून घे, तेही फुकटच आहे, लोक नेमके कुठले शब्द टाकून तुझ्या साइटपर्यंत आले ते त्यात दिसतं. दोन-तीन महिन्यांनी ते बघून भाषेचा निर्णय बदललास तरी चालेल.

कधी लिहायचं? चातुर्मासात. लग्नं नसतात, पाऊस धो धो, पार्लरमध्ये माशा मारायची वेळ. नवीन पान गूगलमध्ये नीट दिसायला कधी दिवस तर कधी महिनेही जातात, म्हणून आषाढ-श्रावणात लिहिलंस तर तुळशीचं लग्न झाल्यावर जो सीझन सुरू होतो त्याला उपयोगी पडेल. अ‍ॅडव्हेंटमध्ये, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, लग्नं सहसा करत नाहीत म्हणून नाताळानंतर ख्रिश्चन लग्नांची झुंबड असते, त्यांचं बुकिंग तर त्याच्याही आधी ठरतं.

नवऱ्याला सांग इन्स्टा सोडायचं नाहीये, मेकअप हा बघायचाच धंदा आहे, रील लागणारच. पण २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक एका रात्रीत बंद झालं तेव्हा ज्यांचं सगळं तिथेच होतं त्यांचं काय झालं ते आठवायला सांग. साइट आपली असते. आपली म्हणजे खरोखर आपली आहे ना तेवढं तपास, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुझ्या नावावर आणि तुझ्या ईमेलवर घेतलंय का पुतण्याच्या? पुतण्या चांगलाच असणार गं, पण उद्या जहाजावर नोकरीला गेला की पासवर्ड कोणाकडे मागशील.

फोटोंचं राहिलं. पिंटरेस्टवरनं उचललेले काढून टाक, दुसऱ्याची मेहनत आहे ती, आणि नवरी मुलींचे लावायचे तर व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना पण लेखी हो घे. आपला गोवा केवढा, जत्रेत कोणीतरी विचारतंच, 'तुझो फोटो पळयलो गो पार्लराच्या साइटीर', म्हणजे तुझा फोटो पाहिला गं, आणि ते सगळ्यांनाच आवडतं असं नाही.

प्रश्न: गूगलने आम्हाला मॅपच्या नोंदीबरोबर फुकट वेबसाइट दिली होती, मी तीच कार्डावर छापली होती. हल्ली ती उघडतच नाही. काही सेटिंग बिघडलं का?
— नेल आर्टिस्ट, म्हापसा

उत्तर: सेटिंग नाही, गूगलने ती सोयच बंद केली, मार्च २०२४ मध्ये. पुढे काही महिने तो पत्ता तुमच्या मॅपच्या नोंदीवर वळवत होते, जूनमध्ये तेही थांबलं. नोंद मात्र शाबूत आहे. नेल आर्टला मोठ्या साइटची गरज नाही, कार्डावर मॅपच्या नोंदीचा क्यूआर कोड छापा. आणि प्रोफाइलमध्ये वेबसाइटच्या जागी तो जुना पत्ता अजून असेल तर आजच काढा, त्या जागी इन्स्टाची लिंक घाला.

प्रश्न: मी मेंदीच्या ऑर्डरी घेते. गूगलवर फाइव्ह स्टार रिव्ह्यू दिला तर पुढच्या वेळी १०० रुपये कमी, अशी ऑफर ठेवू का? आणि लोक काळी मेंदी मागतात, त्यावर लिहू का काही?
— कुडचडे

उत्तर: ऑफर ठेवू नका. पैसे किंवा सूट देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमात बसत नाही, कळलं तर रिव्ह्यू उडतात. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी मेंदीचा रंग चढला की त्याच बाईला मेसेज करा, रंग कसा आला फोटो पाठवा, आणि खाली रिव्ह्यूची लिंक. मेंदी काढल्या काढल्या मागू नका, हात भरलेले असताना कोण टाइप करणार. काळ्या मेंदीवर जरूर लिहा, ठळक लिहा: मेंदीच्या पानाचा रंग केशरी ते तपकिरी, तासाभरात काळाकुट्ट होणाऱ्या कोनात बहुतेक वेळा वर सांगितलेलं पीपीडीच असतं, त्याने फोड येतात, डाग राहतात, आणि एकदा अ‍ॅलर्जी बसली की पुढे केसांची डायसुद्धा सोसत नाही. तुम्ही ती काढत नाही हे तुमच्या पहिल्याच पानावर लिहिलंत तर दोन ऑर्डरी जातील, जाऊ देत.