शरणपूरची मुलं, मोंबासाची घंटा

प्रश्न: सर, परवा उपासनेनंतर आमच्या पाळकांनी केनियातल्या अँग्लिकन मंडळीविषयी सांगितलं. आज तिचे सभासद लाखोंच्या घरात आहेत म्हणे. मूठभर गोऱ्या मिशनऱ्यांना एवढं कसं जमलं?
– एक वाचक, नवापूर

उत्तर: ताई, त्यांना एकट्यांना नाहीच जमलं. जर्मन मिशनरी क्राफ 1844 साली केनियाच्या किनाऱ्यावरच्या मोंबासात उतरले आणि थोड्याच महिन्यांत बायको नि तान्ही लेक तिथेच पुरावी लागली. त्यांचे सोबती रेबमान जवळच्या रबाईत 29 वर्षं राहिले, डोळे गेले, तरी मंडळी बोटांवर मोजण्याइतकीच.

पुढचं उत्तर आपल्या नाशकात आहे. बी.एड.च्या वर्षी चाळीसगावहून जाऊन मी शरणपूर रोडला खोली केली होती. वर्षभर त्या रस्त्याने सायकल हाणली, पण हे ‘शरण’ कुणाचं, असा प्रश्न कधी पडला नाही. त्याचं आजही वाईट वाटतं. इंग्रजी आरमार समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं. सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवत आणि त्यातली कितीतरी शरणपूरच्या मिशनमध्ये येत. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली.

1875 च्या सुमारास मोंबासासमोर मुक्त गुलामांचं फ्रेरेटाउन वसलं. ते उभं करायला शरणपूरचेच प्राइस साहेब गेले. शिक्षक, प्रचारक, कारागीर म्हणून राबली ती हीच पोरं. गुलामांचे व्यापारी चालून आले तर गाव सावध व्हावं म्हणून तिथे घंटा टांगली होती. त्या जागेला अजून ‘केंगेलेनी’ म्हणतात, म्हणजे घंटेपाशी.

शरणपूरच्या त्या पोरांमधले विल्यम जोन्स मला फार जवळचे वाटतात. 1885 साली बिशप हॅनिंग्टन यांनी त्यांना धर्मसेवकपदाची दीक्षा दिली आणि युगांडाच्या वाटेवर सोबत नेलं. बिशप मारले गेले. मागे थांबलेल्या माणसांना जोन्स शेकडो मैल चालवत रबाईला घेऊन आले. तांड्यापुढच्या निळ्या निशाणावर पांढरी अक्षरं होती: ‘ईखाबोद’, बायबलातला शब्द, म्हणजे वैभव गेलं.

पळून आलेले गुलाम रबाईत आसरा घेत. 1889 साली मालकांना पैसे मोजून अशा सुमारे 1,400 जणांना मोकळं केलं. नंतर मंडळी आत डोंगराळ मुलुखात गेली ती शाळांमधून. किकुयू लोक ख्रिस्ती झालेल्यांना ‘वाचणारे’च म्हणत. 1970 मध्ये केनियातल्या अँग्लिकन मंडळीचा स्वतंत्र प्रांत झाला आणि फेस्टो ओलांग पहिले आर्चबिशप.

तुमच्या मंडळीत कुणाच्या आजा-पणजाचं शरणपूरशी नातं असेल, तर मला जरूर लिहा.