वाचकांचे प्रश्न : देव्हारा, पंचांग आणि मोबाइल

या महिन्यात आलेल्या पत्रांत घरातली नित्याची पूजाअर्चा आणि नवी साधने यांच्याविषयी बरेच प्रश्न होते. त्यांतले जास्त जणांना उपयोगी पडतील असे निवडले आहेत. कॅसेटच्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली, कारण त्या कामात उशीर झाला तर काहीच हाती लागत नाही.

प्रश्न : संकष्टीला भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची एक वेळ असते आणि मोबाइलच्या पंचांगात वीस-पंचवीस मिनिटे आधीची. उपास कोणत्या वेळेला सोडायचा? (एक वाचक, नागपूर)

दोन्ही वेळा बरोबर असू शकतात, त्या दोन वेगवेगळ्या गावांच्या आहेत. छापील कॅलेंडरात ठळकपणे दिलेली वेळ बहुधा मुंबईची असते. इतर गावांच्या वेळा असल्याच तर बारीक अक्षरांत वेगळ्या दिलेल्या असतात. मुंबई सुमारे ७२ अंश ५० कला रेखांशावर आहे आणि नागपूर ७९ अंश ५ कलांवर. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सव्वासहा अंशांची पंचवीस मिनिटे होतात. नागपूर पूर्वेला, म्हणून चंद्र तिथे आधी उगवतो. अक्षांशामुळे त्यात आणखी दोन-चार मिनिटांचा फरक पडतो. तुम्ही नागपूरची वेळ धरा.

मात्र मोबाइलमधली वेळ खरोखर नागपूरचीच आहे ना, हे एकदा तपासा. ॲपला ठिकाण पाहण्याची परवानगी दिलेली नसेल तर ते आपल्या मनाने एखादे शहर धरते, कधी दिल्ली, कधी उज्जैन. सेटिंगमध्ये जाऊन गावाचे नाव हाताने टाका. मग सूर्योदयाची वेळ छापील पंचांगातल्या तुमच्या गावाच्या वेळेशी ताडून पाहा. तीन-चार मिनिटांचा फरक दिसला तर काळजी नको: कोणी सूर्याची वरची कड क्षितिजावर आली की सूर्योदय मानतो, कोणी बिंबाचा मध्य. दहा मिनिटांहून जास्त फरक असेल तर गाव चुकले आहे.

याच सेटिंगमध्ये आणखी एक गोष्ट असते, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. महिना अमान्त की पूर्णिमान्त, असा पर्याय तिथे असतो. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला. शुद्ध पक्षात काही फरक पडत नाही. वद्य पक्षात मात्र महिन्याचे नाव बदलते. आपली श्रावण वद्य अष्टमी ही तिकडची भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस एकच, जन्माष्टमीही तीच.

सणावारांत हे खपून जाते, श्राद्धतिथीत खपत नाही. घरात कोणी गेले आणि गडबडीत मोबाइलमध्ये पाहून तिथी लिहून ठेवली, ॲप पूर्णिमान्त असल्यामुळे ‘मार्गशीर्ष कृष्ण पंचमी’ अशी नोंद झाली, तर ती आपली कार्तिक वद्य पंचमी असते. पुढच्या वर्षी आपल्या कॅलेंडरात मार्गशीर्ष वद्य पंचमी शोधली, की वर्षश्राद्ध एक महिना उशिरा होते. म्हणून तिथीबरोबर इंग्रजी तारीख, गाव आणि वेळही लिहून ठेवा. एवढे असेल तर कोणत्याही पंचांगावरून तिथी पुन्हा काढता येते.

‘अयनांश’ या सेटिंगविषयीही दोघांनी विचारले आहे. राशिचक्राची सुरुवात आकाशात कुठून धरायची, त्याचा हा आकडा. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला त्याचे माप, दर बारा अंशांना एक तिथी. चंद्र आणि सूर्य दोघांच्या स्थानांत अयनांश सारखाच असतो, वजाबाकीत तो निघून जातो, त्यामुळे तिथी बदलत नाही. नक्षत्र, संक्रांत आणि अधिकमास यांना मात्र तो लागतो. टिळक पंचांगाचा अधिकमास कधी कधी इतर पंचांगांपेक्षा वेगळा येतो, तो याच कारणाने.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. भारतातून आलेल्या कॅलेंडरप्रमाणे संकष्टी मंगळवारी, इथले मंदिर सोमवारी म्हणते. असे कसे?

तिथी लागण्याचा आणि संपण्याचा क्षण साऱ्या जगात एकच असतो, घड्याळे वेगळी असतात. समजा भारतात चतुर्थी मंगळवारी पहाटे ५ ला लागली आणि बुधवारी पहाटे ४ ला संपली. हिवाळ्यात तुमचे घड्याळ साडेदहा तास मागे, म्हणजे तुमच्याकडे ती सोमवारी संध्याकाळी साडेसहाला लागली आणि मंगळवारी साडेपाचला संपली. संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असावी लागते. सोमवारी सातच्या सुमारास चंद्र उगवला तेव्हा ती होती, मंगळवारी चंद्र उगवण्याआधीच संपली. मंदिराचे बरोबर आहे. उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा होतो, तेवढे ध्यानात ठेवा.

प्रश्न : गावच्या भजनी मंडळाच्या हरिपाठाच्या तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या दोन कॅसेट घरात सापडल्या. त्या मोबाइलमध्ये घ्यायच्या आहेत. गाणाऱ्यांपैकी आता कोणी नाही. (एक वाचक, कराड)

आधी कॅसेट वाजवू नका, नीट पाहा. खिडकीतून दिसणाऱ्या टेपच्या कडेवर पांढरी भुकटी असेल तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट घरच्या टेपरेकॉर्डरवर लावली तर ती बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती जाणकाराकडेच द्या. बुरशी नसेल तर पुढच्या तोंडाशी मधोमध फेल्टची छोटी गादी आहे का ते बघा. गोंद सुकून ती पडलेली असते, आणि मग आवाज दबका, पांघरुणाखालून आल्यासारखा येतो. टाकाऊ कॅसेटमधली गादी पट्टीसकट काढून इथे बसवता येते.

मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन टिकल्या असतात, एकेका बाजूसाठी एकेक. त्या मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी मूळ आवाज पुसला जाणार नाही. टेप सैल असेल तर सहा कडांची पेन्सिल चाकात घालून ताण द्या. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवा. इतकी वर्षे एकाच जागी बसलेली टेप त्याने मोकळी होते. टेपरेकॉर्डरचे हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडीवर तपकिरी डाग येणे थांबेपर्यंत पुसायचे.

जोडणीत बहुतेक जण चुकतात. लॅपटॉपला एकच गोल भोक असते. ते हेडफोनचे, आणि त्यातून आत घेतला जाणारा आवाज फक्त बोलण्याच्या माइकसाठी असतो. टेपरेकॉर्डरची वायर तिथे लावली तर आवाज फाटतो. यूएसबीवर चालणारे, ‘लाइन इन’ असलेले साउंड कार्ड घ्या आणि टेपरेकॉर्डरची ‘लाइन आउट’ किंवा हेडफोनची जागा ३.५ मिलिमीटरच्या वायरने त्याला जोडा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. ४४,१०० हर्ट्झ आणि १६ बिट ठेवा. सगळ्यांत जोराचा गजर लावून पाहा, पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास राहायला हवी. शून्याला टेकली की तो भाग फाटतो आणि नंतर कशानेही सुधारत नाही. तासाभराची कॅसेट उतरवायला तासभरच लागतो. स्टिरिओ वेव्ह फाइल सुमारे ६०० एमबीची होते.

आवाज बारीक आणि लगबगीचा वाटला तर बहुधा रेकॉर्डिंगच्या वेळी सेल उतरलेले होते: तेव्हा टेप हळू फिरली, आज योग्य वेगाने फिरते आणि गाणे पळते. इथे पेटी कामाला येते. मंडळ कोणत्या पट्टीत गात असे, काळी एक की काळी दोन, हे गावात कोणाला तरी आठवत असते. कॅसेटमधला पेटीचा सा आजच्या पेटीशी लावून पाहा. तो एका पट्टीने, म्हणजे अर्ध्या स्वराने चढा असेल तर वेग ५.६ टक्क्यांनी कमी करा. ‘चेंज स्पीड’ वापरायचे, ‘चेंज पिच’ नाही. कारण वेग आणि स्वर दोन्ही एकत्रच बिघडलेले असतात.

आणि कृपा करून खरखर काढण्याच्या मागे लागू नका. टेपची खरखर आणि टाळांचा झणत्कार दोन्ही उंच कंपनांत असतात. सॉफ्टवेअरला त्यांतला भेद कळत नाही, ते टाळही खाऊन टाकते. फारच वाटले तर वेगळ्या प्रतीवर थोडेसे करा. मूळ वेव्ह फाइल आहे तशी तीन ठिकाणी ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरात. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. गाव, साल आणि गाणाऱ्यांची नावे फाइलसोबत आजच लिहून ठेवा. ती सांगणारी माणसे कॅसेटच्याही आधी जातात.

प्रश्न : घरातल्या हस्तलिखित पोथीचे मोबाइलने फोटो काढले. दंड आणि ‘उवाच’ची अक्षरे फोटोत दिसतच नाहीत. (एक वाचक, वाई)

ती लाल शाईची अक्षरे आहेत. तुम्ही स्कॅनिंगचे ॲप वापरले असणार. ते कागद पांढरा आणि अक्षर काळे करते, बिले आणि अर्ज वाचता यावेत म्हणून. हिंगूळ किंवा गेरूचा लाल रंग त्यात उडून जातो. ॲप सोडून साध्या कॅमेऱ्याने रंगीत फोटो काढा. फ्लॅश नको, सकाळचा उजेड खिडकीतून तिरपा येईल अशी जागा घ्या. मोबाइल पत्राला, म्हणजे पोथीच्या सुट्या पानाला, बरोबर समांतर राहील असा स्टँडवर बसवा. २५ सेंटिमीटर रुंदीचे पत्र ४,००० बिंदूंच्या रुंदीत भरून आले की इंचाला ४०० बिंदू मिळतात, तेवढे छपाईलाही पुरतात. शेजारी एक मोजपट्टी ठेवा.

पत्रांक बहुधा मागच्या बाजूच्या समासात असतो. म्हणून दोन्ही बाजू घ्या आणि फाइलींना ‘००१अ, ००१ब’ अशी नावे द्या. पत्रे जमिनीवर पसरून मग फोटो काढू नका. क्रम तिथेच हरवतो.

पिवळे पट्टे दिसत असतील तर तो हरताळ, म्हणजे एका खनिजाचा पिवळा रंग आहे. चुकलेले अक्षर झाकायला तो लावत; ‘हरताळ फासणे’ इथूनच आले. त्यात आर्सेनिक असते. बोटाला थुंकी लावून पत्र उलटू नका, काम झाल्यावर हात साबणाने धुवा. लॅमिनेशन नको, चिकटपट्टीही नको. पोथी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, सुती रुमालच बरा.

शेवटच्या पत्रावरची पुष्पिका, म्हणजे पोथी कोणी, कधी लिहिली ते सांगणारा समारोपाचा मजकूर, जवळून घ्या. तिथे शक आणि संवत्सर दोन्ही दिलेले असतील तर पडताळा करता येतो: संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे. शके १९४५ शोभन संवत्सर होते, म्हणजे तीन फेऱ्या मागे, शके १७६५ हेही शोभनच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९.

प्रश्न : लेक मेलबर्नला आहे. पुण्याचे गुरुजी झूमवर सत्यनारायण सांगतात, पण घंटा ऐकू येत नाही आणि आरती सगळ्यांची मागेपुढे होते.

झूम माणसाचे बोलणे ठेवते आणि बाकी सगळे गोंगाट समजून दाबते. घंटा, शंख, टाळ त्याच्या लेखी पंख्याच्या आवाजासारखेच. ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ आहे, ते लेकीकडे आणि गुरुजींकडे दोन्हीकडे सुरू करा. आरतीचे मात्र सेटिंगने भागणार नाही. आवाज पोचायला लागणारा सेकंदाचा अंश प्रत्येक घराला वेगळा, त्यामुळे एक ताल जमणे शक्यच नाही. जिथे पूजा आहे त्या घराने म्हणावे, बाकीच्यांनी आपला माइक बंद ठेवून आपापल्या घरी म्हणावे.

संकल्पात देशकालाचा उच्चार असतो. यजमान मेलबर्नला बसलेले असताना ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ बरोबर नाही. तिथल्या स्थळाचा आणि तिथल्या त्या वेळच्या तिथीचा उच्चार करायला गुरुजींना आधीच सांगा. मेलबर्न आपल्या साडेचार तास पुढे असते, ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच. समई कॅमेऱ्याच्या समोर आली की चेहरे काळे पडतात, ती बाजूला घ्या. धूप आणि उदबत्ती धुराच्या अलार्मपासून लांब, खिडकीशी. अलार्मचा सेल काढू नये.

प्रश्न : एका मित्राने पाठवलेले स्तोत्र माझ्याकडे इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखे दिसते.

ते जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आहे. त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवले होते. तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण नंतर छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडा. अवग्रह (ऽ) गळतो, विसर्गाच्या जागी कोलन येतो, वेदमंत्र असेल तर स्वरचिन्हे उडतात. फोटोवरून मजकूर काढला असेल तर घ-ध, भ-म, ष-प या जोड्या पाहा. टाइप करताना शब्द सुचवणे बंद ठेवा. नाहीतर अथर्वशीर्षातल्या ‘तत्त्वमसि’चा एक त नाहीसा होतो.

प्रश्न : जपाची संख्या मोजणारे ॲप नव्या मोबाइलवर शून्य झाले. एक लाखाचा संकल्प होता.

माळेत १०८ मणी असले तरी १०० च धरायचे, आठ चुकीसाठी सोडायचे, ही जुनी रीत हिशेबाला सोपी आहे. लाखाला १,००० माळा, रोज दहा केल्या तर १०० दिवस. सुरुवातीची तारीख आणि रोजच्या माळा ठाऊक असतील तर तुमचा आकडा आताच निघेल, चुकलेले दिवस तेवढे वजा करा. पुढे ॲप वापरलेत तरी दर गुरुवारी एकूण माळा देव्हाऱ्यातल्या वहीत लिहा.